औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर: डाव नेमका कुठे फसला?

बोरूबहाद्दर:

शाळेच्या पुस्तकात या माणसाच्या वाट्याला एकच ओळ आली होती: औरंगजेबाचा मुलगा अकबर बंड करून संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला. आधी काय झालं, पुढे त्याचं काय झालं, काही नाही. थोडं वाचलं आणि डोक्यात भुंगा लागला, म्हणून हा धागा.

थोडक्यात हकीकत अशी. जोधपूरचा (म्हणजे मारवाडचा) राजा जसवंतसिंह १६७८ च्या डिसेंबरात खैबर खिंडीजवळच्या जमरूदला वारला. वारस नाही म्हणून औरंगजेबाने मारवाड घशात घातलं. मग राण्यांना मुलगा झाला, दुर्गादास राठोड त्याला घेऊन दिल्लीतून निसटला, मेवाडचा राणा राजसिंह राठोडांच्या मदतीला आला आणि राजपुतान्यात वणवा पेटला. तो विझवायला बादशहाने तेविशीतल्या अकबराला धाडलं. त्याला चितोडला काही जमेना, तिथून उचलून मारवाडात टाकला, तिथेही जमेना. बापाकडून बोलणी मात्र नेमाने येत होती. शेवटी पोराने राजपुतांशीच संधान बांधलं. जानेवारी १६८१ मध्ये नाडोलला स्वतःला बादशहा जाहीर केलं. चार मुल्लांकडून फतवाही घेतला, की औरंगजेबाने शरा, म्हणजे इस्लामी धर्मकायदा, मोडला आहे, सबब त्याला तख्तावर हक्क नाही. ज्या बापाने आयुष्यभर शऱ्याचा आधार घेतला, त्याच्यावरच तो उलटवला!

त्या वेळी औरंगजेब अजमेरला होता आणि जवळ फौज दहा हजारांच्या आसपास. बाकी सगळी चितोड, सिरोही अशी पांगलेली. नाडोल ते अजमेर साधारण १२० मैल. अकबराने या वाटेला पंधरवडा लावला. मुहूर्त बघत, दरबार भरवत, किताब वाटत. तिकडे शिहाबुद्दीन खान नावाचा सरदार तेवढंच अंतर दोन दिवसांत तोडून बादशहाला जाऊन मिळाला. अकबराचा थोरला भाऊ मुअज्जमही बापाकडे पोचला.

माझं मत स्पष्ट आहे. त्या पंधरा दिवसांत सगळं संपलं. पुढची दख्खनमधली सहा वर्षं म्हणजे नुसतं ताटकळणं. तुम्हाला काय वाटतं? आणि दुसरा प्रश्न: संभाजी महाराजांनी त्याला घेऊन उत्तरेत धडक मारायला हवी होती का?

उनाड:

वाचनखूण साठवली. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

चिवट वाचक:

धागा आवडला, पण तो खोट्या पत्राचा किस्सा कसा विसरलात राव? तोच तर खरा मसाला आहे.

दोन्ही फौजा अजमेरच्या दक्षिणेला दौराईजवळ समोरासमोर आल्या. हीच ती जागा, जिथे १६५९ मध्ये औरंगजेबाने थोरल्या भावाला, दारा शुकोहला, शेवटचं हरवलं होतं. लढाई सकाळी होणार. अकबराचा उजवा हात तहव्वूर खान. त्याचा सासरा इनायत खान बादशहाच्या छावणीत. सासऱ्याकडून जावयाला निरोप गेला: मुकाट्याने ये, माफी मिळेल, नाही आलास तर तुझ्या बायकांची भर छावणीत विटंबना होईल आणि पोरं गुलाम म्हणून विकली जातील. तहव्वूर रात्री कोणाला न सांगता निघाला. बादशहाच्या डेऱ्यापाशी हत्यार उतरवायला सांगितलं, त्याने ऐकलं नाही, बाचाबाची झाली आणि दारातच मारला गेला.

त्याच रात्री औरंगजेबाने अकबराच्या नावे पत्र लिहिलं: शाब्बास बेटा, ठरल्याप्रमाणे राजपुतांना बरोबर जाळ्यात आणलंस, उद्या दोन्हीकडून चेपू. आणि ते पत्र दुर्गादासाच्या हाती पडेल अशी व्यवस्था केली. दुर्गादास खुलासा मागायला अकबराच्या डेऱ्यावर गेला, तर शहजादे झोपलेले! खोजे म्हणाले, उठवायचा हुकूम नाही. तहव्वूरकडे माणूस पाठवला, तर तो गायब. मग राजपुतांना संशय कसा येणार नाही? रातोरात उठले आणि जाताना अकबराचं सामानही लुटून गेले. सकाळी अकबर बघतो तर पाठीशी साडेतीनशे स्वार.

उनाड:

म्हणजे झोपेपायी तख्त गेलं. आमच्या हिला दाखवतो हा प्रतिसाद, रविवारी उठवत नाही म्हणून.

खडूस आजोबा:

उनाड, आवरा.

बोरूबहाद्दर, तुमचं निदान मला सोपं वाटतं. पंधरा दिवस घालवले म्हणजे मूर्ख, हे आज खुर्चीत बसून म्हणणं सोयीचं आहे. मोगलांच्या तख्ताच्या लढाया पराक्रमाने कमी आणि सरदार फिरण्याने जास्त ठरल्या. शहाजहान बापाविरुद्ध उठला, औरंगजेब बापाविरुद्ध उठला. प्रत्येक वेळी प्रश्न एकच: उमराव कोणाकडे? अकबर रेंगाळला नाही, तो वाट बघत होता, की नवा बादशहा जाहीर झाला म्हटल्यावर अजमेरहून माणसं येऊन मिळतील.

ती का आली नाहीत, याचं उत्तर चिवट वाचक यांच्या प्रतिसादातच आहे. सरदारांचे कुटुंबकबिले बादशहाच्या मुठीत. तहव्वूरसारखा खंदा माणूस एका चिठ्ठीवर मोडतो, तर बाकीच्यांची काय कथा? ज्याच्या छावणीत बायकामुलं त्याची फौज. अकबर दोन दिवसांत अजमेरला पोचला असता, तरी ही चिठ्ठी तशीच आली असती.

बोरूबहाद्दर:

आजोबा, मुद्दा दमदार आहे. पण दोन दिवसांत पोचला असता तर चिठ्ठी लिहायला बादशहा मोकळा असता का? समोर दहा हजार, तेही निम्मे आजारी आणि कारकून. तुम्ही म्हणता तसे उमराव फिरतातच, पण जिंकणाऱ्याकडे फिरतात. पहिला वार ज्याचा, तो जिंकणारा दिसतो.

घाटमाथा:

अकबराकडे सत्तर हजार होते असं कुठे कुठे वाचायला मिळतं. त्या काळचे बखरकार आणि आजचे सभा घेणारे, दोघांचे आकडे सारख्याच सावधपणे घ्यावेत.

जुई:

कोणीच झेबुन्निसाचं नाव घेतलं नाही?

अकबराची आई दिलरस बानू त्याच्या जन्मानंतर महिन्याभरातच गेली. हो, बीबी का मकबरा जिचा आहे तीच. हे तान्हं पोर थोरल्या बहिणीने, झेबुन्निसाने वाढवलं. स्वतः कवयित्री, बापाची लाडकी. बंड फसल्यावर अकबराच्या छावणीत तिची पत्रं सापडली. तिचा चार लाखांचा तनखा बंद झाला, मालमत्ता जप्त झाली आणि दिल्लीच्या सलीमगडावर कैद. १७०२ मध्ये ती कैदेतच गेली. वीसेक वर्षं! भाऊ निदान पळाला तरी. या बंडाची सगळ्यात मोठी किंमत मोजणारी माणसं रणांगणावर नव्हतीच.

उनाड:

एक मिनिट, मकबरा म्हणजे हा अकबर जन्माने आपला मराठवाड्याचा? औरंगाबादकर?

जुई:

हो. सप्टेंबर १६५७, औरंगाबाद.

तीक्ष्ण_तलवार:

शहराचं नाव नीट लिहा. छत्रपती संभाजीनगर.

खडूस आजोबा:

१६५७ मध्ये?

संपादक मंडळ:

नावाच्या वादावरून धागा भरकटवून त्याचा काश्मीर करू नये. या विषयावरचे पुढचे सहा प्रतिसाद उडवले आहेत.

पालीकर:

आमच्या गावाकडचा विषय निघाला म्हणून खूप दिवसांनी लॉगिन केलं.

दुर्गादासाला पत्राची चलाखी पुढे कळली. त्याने अकबराला पदरात घेतलं आणि सगळ्या वाटांवर मोगलांच्या चौक्या असताना नर्मदा ओलांडून, खानदेश-बागलाणातून त्याला दक्षिणेत आणलं. १६८१ च्या जूनमध्ये स्वारी कोकणात उतरली. आमच्या सुधागडाच्या पायथ्याशी. गडावर ठाकूरवाडीकडून चढलेल्यांना पाच्छापूर गाव ठाऊक असेल. ते पातशहापूर, या पातशहाचं.

आता जूनचा कोकण डोळ्यांसमोर आणा. राजस्थानच्या फुफाट्यातून आलेला मोगल शहजादा आणि आमच्याकडचा मृगाचा पाऊस. राहायला गवताने शाकारलेलं मोठं घर. आतून भिंतींना पांढरं कापड लावलेलं आणि खाली साधे गालिचे. बरोबर चारएकशे स्वार, थोडं पायदळ, काही उंट. उंट! आमच्याकडे आषाढात म्हशीसुद्धा चिखलात रुततात, त्या उंटांचं काय झालं असेल देव जाणे. आणि या घरात तो गादीवर बसून बादशहाचा रिवाज पाळत होता.

संभाजी महाराज त्याला भेटायला लगेच आले नाहीत. भेट झाली नोव्हेंबरात. लोक याला हेळसांड म्हणतात. मला तो शहाणपणा वाटतो. बापाने मुलगा मुद्दाम पेरला असेल तर? ज्या माणसाने नुकतंच खोट्या पत्राने अख्खी फौज पळवली, त्याचाच हा मुलगा ना?

चिवट वाचक:

पालीकर, भारीच. आणि मधल्या काळात कटाचं प्रकरण झालं तेही सांगा की.

पालीकर:

सांगतो. अण्णाजी दत्तो, हिरोजी फर्जंद वगैरे मंडळी महाराजांविरुद्ध उठली होती. त्यांनी अकबरालाच पत्र पाठवलं: तुम्ही आमच्या बाजूने या, राज्याचा वाटा देतो. अकबराने ते दाबून ठेवलं नाही, महाराजांना कळवलं. कारस्थान्यांना देहान्त झाला. बाळाजी आवजी चिटणीसही त्यात गेले. म्हणजे अकबर येऊन तीन महिने होत नाहीत तोच त्याने यजमानाचा जीव वाचवला असं म्हणायला हरकत नाही. नोव्हेंबरातल्या भेटीआधी हे सगळं घडून गेलेलं आहे, हे लक्षात घ्या. भरवसा तिथे जुळला.

अवांतर: गडावर जाणार असाल तर धोंडसे बाजूने चढा, महादरवाजा त्या वाटेवर लागतो. पावसाळ्यात शिडीच्या वाटेने उगाच मर्दुमकी दाखवू नका.

जुई:

मला एक गोष्ट फार वेळा जाणवते. संभाजी महाराज मे १६५७ चे, अकबर सप्टेंबर १६५७ चा. दोघांच्याही आया लहानपणीच गेल्या. दोघांनीही बापाचं छत्र सोडून शत्रूची छावणी जवळ केली; महाराज वर्षभर मोगल सरदार दिलेरखानाकडे होते आणि परत आले. पाच्छापूरला दोन चोवीस वर्षांचे तरुण समोरासमोर बसले तेव्हा एकमेकांना काय विचारलं असेल?

तीक्ष्ण_तलवार:

तुलना पटली नाही. महाराज परत आले, थोरल्या महाराजांनी त्यांना पन्हाळ्यावर ठेवलं. शिवाजी महाराजांनी मुलाला खोटी पत्रं लिहून फसवलं नाही. बाप कोण होता यानेच सगळा फरक पडतो.

जुई:

अहो, मीही तेच म्हणतेय. अकबराला परतीची वाट नव्हती. भाऊ मुहम्मद सुलतान बापाच्या कैदेतच वारलेला त्याने बघितला होता.

घाटमाथा:

दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. उत्तरेत धडक.

कल्पना महाराजांच्या मनात नव्हती असं नाही. अंबरच्या रामसिंहाला, मिर्झाराजे जयसिंहांच्या मुलाला, त्यांनी संस्कृतात पत्र लिहिलं: अकबराला तख्तावर बसवायला आम्ही दुर्गादासासह उभे आहोत, तुम्हीही या, हिंदूंनी किती सोसायचं? पत्र वाचलं की समजतं, आवाका मोठा होता. रामसिंह हलला नाही.

पण नकाशा बघा. अकबर जूनमध्ये आला आणि औरंगजेबाने त्याच महिन्यात मेवाडशी तह करून टाकला. सप्टेंबरात अजमेर सोडलं, नोव्हेंबरात बऱ्हाणपूर, मार्च १६८२ मध्ये औरंगाबाद. म्हणजे उत्तरेची वाट अडवून बादशहा स्वतःच येऊन बसला. त्याच काळात जंजिऱ्याला वेढा, नाशिकजवळ रामसेजवर मोगलांची धडक, खाली म्हैसूरची मोहीम, मग पोर्तुगीज. अशा वेळी घर उघडं टाकून पाहुण्यासाठी दिल्लीवर जायचं? माझं उत्तर: नाही.

चिवट वाचक:

अगदी असंच. फक्त अकबराच्या बाजूने बघा. त्याला वाटत होतं, आज निघू, उद्या निघू. डिचोली, बांदा असा तो तळकोकणात फिरत राहिला. पोर्तुगीजांशी तहाच्या बोलण्यांत मध्यस्थ झाला. १६८३ च्या अखेरीस वैतागून वेंगुर्ल्याला गलबतावर चढलासुद्धा. कवी कलश आणि दुर्गादासाने समजूत घालून परत उतरवला. १६८६ मध्ये एकदाचा निघाला उत्तरेला, तर चाकणच्या बाजूला मोगलांनी मागे रेटला. फेब्रुवारी १६८७ मध्ये राजापूरहून एका इंग्रजाच्या जहाजातून कायमचा गेला, वाटेत मस्कतला अडकला. दुर्गादास मारवाडला परतला.

खडूस आजोबा:

बापाला त्याने लिहिलेलं पत्रही उपलब्ध आहे, कोणाला रस असेल तर. सूर असा की बापाविरुद्ध उठण्याची वाट तुम्हीच दाखवलीत, मी गुरूच्या मागे चाललो. मग कारभाराचे वाभाडे: सरदारांवर भरवसा नाही, शिपाई कंगाल, लेखणीवाले बेकार, व्यापारी बुडाले, रयत चिरडली, वर जिझिया. आणि शेवटी टोमणा, की या वयात आता मक्केला जावं. इतकं झणझणीत लिहिणारा माणूस निव्वळ ऐदी असेल असं मला वाटत नाही.

बोरूबहाद्दर:

पत्र झणझणीतच आहे. पण लिहिणारा कोणी मुन्शी असणार, आजोबा. बापाला चार खडे बोल सुनावणं वेगळं आणि रात्री घोड्यावर मांड ठोकणं वेगळं.

मस्कतवाला:

इथे पाव शतक नोकरी झाली, पण औरंगजेबाचा मुलगा मस्कतला अडकला होता हे आत्ता कळतंय!

बोरूबहाद्दर:

हो ना. जहाज इराणला निघालं होतं, मस्कतला थांबावं लागलं. इमामाने त्याला काही महिने ठेवून घेतलं आणि औरंगजेबाशी सौदा होतो का तेही चाचपून बघितलं. इराणच्या शहाने दबाव आणल्यावर सुटका. जानेवारी १६८८ मध्ये इस्फहान. शहा सुलेमानने पाहुणचार राजासारखा केला, फौज मात्र दिली नाही. बाप जिवंत असताना मुलाला बापावर सोडणार नाही. तो गेल्यावर भावांशी लढायला हवी तेवढी मदत घे.

उनाड:

म्हणजे बापाच्या मरणाची वाट बघा. आणि बाप कोण, तर औरंगजेब.

बोरूबहाद्दर:

तेच तर. म्हणतात की अकबर रोज बापाच्या मरणासाठी दुआ मागायचा आणि ते कानावर गेल्यावर म्हातारा म्हणाला, बघू आधी कोण जातं ते. दंतकथा असेल. पण अकबर १७०६ मध्ये मशहदला वारला आणि औरंगजेब १७०७ च्या मार्चमध्ये अहमदनगरला, ८८ व्या वर्षी. साधारण वर्षभराने हुकलं.

मीरा_एडिंबरा:

मी स्कॉटलंडमध्ये राहते, इथे चार्ल्स स्टुअर्टच्या, म्हणजे घराण्याची गेलेली ब्रिटनची गादी परत मिळवायला उठलेल्या राजपुत्राच्या, गोष्टी बिस्किटाच्या डब्यांवरसुद्धा असतात. साम्य बघून गंमत वाटली. १७४५ मध्ये तो चोवीस वर्षांचा, लंडनकडे निघाला, डर्बीपर्यंत पोचला, म्हणजे लंडन दोनशे किलोमीटरवर. तिथे सरदारांनी कच खाल्ली आणि मागे फिरले. एप्रिल १७४६ मध्ये कलोडनला धुव्वा. मग महिनोन्‌महिने डोंगरात लपला, डोक्यावर तीस हजार पौंडांचं बक्षीस, पण कोणी पकडून दिला नाही. फ्लोरा मॅकडोनल्डने त्याला बाईचे कपडे घालून स्काय बेटावर नेला. शेवट रोममध्ये, १७८८ साली, दारूत बुडून. इकडे मात्र त्याची दंतकथा झाली. आपल्या अकबराच्या वाट्याला ते का आलं नसावं?

घाटमाथा:

कारण त्याला 'आपला' म्हणणारं कोणी नाही. मराठ्यांसाठी पाहुणा, राजपुतांसाठी ओझं, मोगलांसाठी फितूर, इराण्यांसाठी आश्रित. दंतकथा झाली ती दुर्गादासाची, आणि रास्तच झाली. अकबराचा मुलगा बुलंद अख्तर आणि मुलगी सफियतुन्निसा मारवाडात राहिली होती. दुर्गादासाने त्यांना सांभाळलं, मुलीला कुराण शिकवायला अजमेरहून मुसलमान शिक्षिका आणवली. ईश्वरदास नागराच्या मध्यस्थीने मुलं परत गेली. नातीला कुराण पाठ आहे हे ऐकून बादशहा विरघळला म्हणतात. पुढे १६९८ मध्ये दुर्गादासाला माफी आणि तीन हजारी मनसब मिळाली. शेवटी त्यालाही मारवाड सुटलं. उज्जैनला क्षिप्रेच्या काठी त्याची छत्री आहे.

तीक्ष्ण_तलवार:

मग निष्कर्ष काय? अकबराला आसरा दिला नसता तर औरंगजेब दक्षिणेत आलाच नसता आणि पुढचं सगळं टळलं असतं असं कोणी म्हणणार असेल तर माझा ठाम विरोध.

खडूस आजोबा:

या वेळी मी तुमच्या बाजूने. विजापूर, गोवळकोंडा आणि मराठे हे त्याचं तरुणपणापासूनचं दुखणं. तो येणारच होता. अकबरामुळे घाईने आला, मेवाडशी मिळेल तो तह करून आला आणि स्वतः आला. सरदार पाठवून भागेना, कारण पाठवलेला सरदार मुलाला मिळाला तर? हा धसका पुढेही सुटला नाही. १६८७ मध्ये मुअज्जमला गोवळकोंडेकरांशी संधान बांधल्याच्या संशयावरून बायकामुलांसकट कैद केलं. म्हणून म्हणतो, बंड फसलं असेल, पण कोणाही मुलावर विश्वास टाकण्याची बादशहाची ताकद त्याने संपवली. ती सव्वीस वर्षांची लढाई त्याला तंबूत राहून स्वतः चालवावी लागली.

बोरूबहाद्दर:

आजोबा, इथे तुमचं-माझं जमतंय. तरी नाडोलच्या पंधरा दिवसांवर मी ठाम आहे. अजमेरलाच निकाल लागता, तर ती सव्वीस वर्षं उगवलीच नसती.

चिवट वाचक:

हा वाद अजून पन्नास प्रतिसाद चालेल. तोवर एक शेपूट. बंडाच्या वेळी अकबराचा दुसरा मुलगा नेकूसियर तान्हा होता, मागे राहिला. आग्र्याच्या किल्ल्यात कैदेत वाढला, तिथेच चाळिशीला आला. १७१९ मध्ये दिल्लीत बादशहा बसवणाऱ्या-उठवणाऱ्या सय्यद बंधूंविरुद्ध मित्रसेन नावाच्या नागर ब्राह्मणाने त्यालाच बादशहा म्हणून उभा केला. ऑगस्टमध्ये किल्ला पडला, मित्रसेनने स्वतःला संपवलं, नेकूसियर सलीमगडावर. जुई, तीच तुमच्या झेबुन्निसाची जागा. तिथेच १७२३ मध्ये वारला. आणि त्याच १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ सनदा आणि येसूबाईंना घेऊन दिल्लीहून परतले होते.

जुई:

बाप रे. नेकूसियरवर वेगळा धागा काढाच.

चिवट वाचक:

काढतो. पण ऑडिट चालू आहे, मार्च संपू दे.

उनाड:

घाई करा. पंधरा दिवस लावलेत तर काय होतं ते वर लिहिलंय.